सतराव्या प्रश्नाचं उत्तर

५ जानेवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वी सांगितलं होतं, रोज चार ओळी लिहीत जा, मन हलकं होतं. तेव्हा लिहिलं नाही, कारण मन जड नव्हतंच. आता लिहितोय ते वेगळ्या कारणाने. सैन्यात शिस्त लागते.

भरतीचा फॉर्म आणला. आठ पानं. शेवटची तारीख ३० जानेवारी, मेडिकल मार्चच्या सुरुवातीला. वय बावीस, बसतं. उंची बसते. छाती फुगवली की बसते.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. पाच किलोमीटर धावणे. शंभर दंड. गोड बंद. मोबाईल कमी. गोळ्या बंद.

६ जानेवारी, मंगळवार, सकाळी ८.४०

उठायला जरा उशीर. अंगाला एकदम ताण देऊ नये असं कुठेतरी वाचलंय. दंड: सात.

गोळी मात्र घेतली नाही. दीड वर्ष रोज एक घेत होतो. डॉक्टर म्हणाले होते, थांबवायची कधी ते मी सांगेन, मनाने एकदम बंद करायची नाही. सगळ्याच पेशंटना तसं सांगत असणार. फॉर्मवर ‘सध्या कोणतेही औषध चालू आहे काय’ असा प्रश्न आहे आणि मला खोटं लिहायला आवडत नाही. म्हणून औषधच बंद केलं. याला म्हणतात प्रामाणिकपणा.

९ जानेवारी, शुक्रवार

फॉर्म भरायला बसलो. एक ते सोळा सटासट. सतराला अडलो.

सतरा-अ: आयुष्यात कधीही नशेच्या पदार्थांचे सेवन केले आहे काय? सतरा-ब: मानसिक तक्रारीसाठी औषधोपचार घेतले आहेत काय? असल्यास तपशील व कागदपत्रे जोडावीत.

नीट विचार केला. मी आणि वकील जे घ्यायचो ते खोकल्याचं औषध आणि झोपेच्या गोळ्या. दोन्ही औषधाच्या दुकानात मिळतात. औषधाला नशा म्हणता येत नाही. सतरा-अ: नाही. पुढे डॉक्टरांनी जी गोळी दिली ती कशासाठी? तर आधीच्या त्या भानगडीतून बाहेर पडून धड झोप यावी म्हणून. भानगड नशेची होती, म्हणजे तक्रार मानसिक नव्हती. सतरा-ब: नाही.

वकील म्हणजे माझा मित्र. काळा कोटवाला वकील नव्हे. शाळेपासून प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा म्हणून हे नाव पडलं. तो असता तर म्हणाला असता, अरे, ‘अ’मध्ये ते औषध होतं आणि ‘ब’मध्ये त्याचीच नशा झाली, एका मिनिटात पलटी?

पण वकील आता इथे नसतो.

पेन्सिलने लिहून ठेवलंय. पेन नंतर फिरवू.

१२ जानेवारी, सोमवार

दुकानात तीन काचा फुटल्या. आम्ही खिडक्यांच्या, टेबलांच्या काचा आणि आरसे कापून देतो. कटरने एका दमात सरळ रेघ ओढायची आणि टेबलाच्या काठावर टक् करून मोडायची. चार वर्षं हेच करतोय, झोपेतही करीन. आज रेघ तिन्ही वेळा वाकली. मालक म्हणाले, तुझा हात थरथरतोय. मी म्हटलं, लॉट खराब आलाय.

थरथर आहे थोडी. व्यायामाने स्नायू तयार होताना येते. आजवरचे एकूण दंड: एकोणीस.

मान झटकन वळवली की डोक्यात बारीक शॉक बसतो. चर्र होतं आणि जातं. रक्ताभिसरण सुधारत असावं.

१५ जानेवारी, गुरुवार

ताईशी बोललो. म्हणजे ती बोलली.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. कागद तिच्याकडून हरवत नाहीत. माझी डॉक्टरांकडची फाईल तिच्याच कपाटात असते, कारण मला पहिल्यांदा तिनेच तिथे नेलं होतं. मी सहज म्हटलं, ती फाईल माझ्याकडे दे, जपून ठेवतो. तिने विचारलं, जपून ठेवणार की जाळणार? मी म्हटलं, जाळायचं काय कारण. ती म्हणाली, फॉर्म दाखव.

सतरावा प्रश्न तिने दोनदा वाचला. म्हणाली, इथे स्पष्ट लिहिलंय, असल्यास कागद जोडा. कागद जोडा म्हणजे कागद बघणार आहेत. घेतलं म्हणून हाकलून देणार असते तर कागद कशाला मागितले असते? डॉक्टरांकडून पत्र आणते मी. खरं लिही.

ताई हुशार आहे पण भोळी आहे. हा सापळा असतो. खरं लिहिणाऱ्यांची नावं आधीच वेगळी काढतात.

वर विचारलं, गोळी घेतोयस ना? मी म्हटलं, हो म्हणजे काय.

हे खोटं धरायचं नाही. फॉर्मवर नव्हतं.

१८ जानेवारी, रविवार

स्टॅमिना वाढवायचा नवा उपाय. दुकानात जाताना सरळ गल्लीतून न जाता शाळेला वळसा घालून जायचं. रोज सव्वा किलोमीटर जास्त. तसं हे मी दोन वर्षं करतोच आहे, पण आजपासून ते व्यायामात धरणार.

गल्लीच्या तोंडाशी वकिलाची आई शिवणकाम करत बसतात. दार कायम उघडं. दिसलो तर बोलवतील, बोलवलं तर बसावं लागेल, बसलं तर वेळ जाणार. सैनिकाला वेळेचं महत्त्व.

धावणं: आज नाही. वळसा मोजला.

२२ जानेवारी, गुरुवार, दुपार

आज घरी तमाशा झाला.

बाबा बस डेपोत रात्रपाळीला असतात, त्यामुळे दुपारी झोपतात आणि घोरतात. सुट्टी होती, मी बाहेरच्या खोलीत दंड घालायच्या तयारीत होतो. बाबांचं घोरणं मधेच थांबलं. चार आकडे मोजले. पाच. सहा. मग मी आत जाऊन त्यांना गदागदा हलवलं. छातीवर बुक्की पण मारली म्हणे. मला आठवत नाही. बाबा ओरडून उठले. आई स्वयंपाकघरातून पोळीचं लाटणं घेऊन आली. बाबा म्हणाले, अरे कूस बदलत होतो मी, जीव घेतोस का?

मी सांगितलं, सावधपणाचा सराव करतोय. पहारेकऱ्याला कान उघडे ठेवावे लागतात.

बाबा लगेच खूश. त्यांनी अख्ख्या डेपोला सांगून टाकलंय की मुलगा फौजेत चालला. एका ड्रायव्हरने म्हणे आत्ताच सॅल्यूट ठोकला. बाबांना माझ्या गोळ्यांबद्दल ठाऊक नाही. पित्ताच्या आहेत असं सांगितलं होतं.

दंड राहिले.

२९ जानेवारी, गुरुवार

फॉर्म दिला. सतरा-अ नाही. सतरा-ब नाही. खाली लिहिलं होतं, वरील माहिती खरी असून खोटी आढळल्यास मी जबाबदार राहीन. सही केली. सही जरा हलली, काउंटरचं फळकूट डगमगत होतं.

बाहेर पडल्यावर ताईचा मेसेज. डॉक्टरांचं पत्र मिळालंय, उद्या जोडून टाक. तिला कळवलं, उशीर झाला, आज शेवटची तारीख होती. शेवटची तारीख उद्या आहे. पण उद्या गर्दी असणार.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज लिहिण्यासारखं काही नाही. दुकानात गेलो नाही. पोट बिघडलंय.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आठवडाभर लिहिलं नाही. झोप नाही म्हटलं की हातात पेन धरवत नाही. कमी झोपेत भागवणं हेही एक ट्रेनिंगच.

वकील फार बोलायला लागलाय. डोक्यात, म्हणजे आठवणीत. काच कापताना म्हणतो, सतरा-क का नाही रे? मी म्हणतो, सतरा-क असा प्रश्नच नाही. तो म्हणतो, असता तर? तू शेवटचा कुठे होतास, असं विचारलं असतं तर? मी म्हणतो, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. तो म्हणतो, मान्य. आणि मग काहीच बोलत नाही. ते जास्त वाईट.

सरळ लिहून टाकतो म्हणजे घोळ नको. वकील दोन वर्षांपूर्वी गेला. गावाला नव्हे. वारला. बंद पडलेल्या थिएटरच्या मागच्या जिन्यावर सापडला. खोकल्याचं औषध आणि गोळ्या. मी त्या दिवशी कुठे होतो हे मला कुणी विचारलं नाही. सगळे धरून चालले की दुकानात होतो. मी होतोच दुकानात. चार वाजल्यापासून.

आज दोन आरसे फुटले. मालक म्हणाले, आजारी आहेस का? थोडे दिवस पुसायचं काम कर.

२ मार्च, सोमवार

उद्या मेडिकल. तयारी पूर्ण. बनियन धुतलं. नखं कापली. आरशासमोर ‘नाही’ म्हणायचा सराव केला. डोळे मिटायचे नाहीत, गिळायचं नाही, लगेच म्हणायचं. वीस वेळा म्हटलं. अठरा उत्तम झाले.

बाबांनी रजा टाकली होती, केंद्रापर्यंत सोडायला येतो म्हणाले. मी नको म्हटलं. फौजी एकटा जातो.

एकूण धावणं, ५ जानेवारीपासून: चार किलोमीटर. वळसा धरून बासष्ट.

३ मार्च, मंगळवार

सविस्तर लिहितो. आज चार ओळींत भागणार नाही.

मोठा हॉल. आम्ही साठेक जण चड्डीवर रांगेत. फरशी गार. वजन झालं, उंची झाली, डोळे झाले, दात झाले. सगळीकडे पास. माझ्या पुढचा बुटका गडी रंग ओळखण्यात अडकला, मला त्याची दया आली. मनात म्हटलं, बिचारा, तयारी कमी पडली.

शेवटच्या टेबलाला लष्करी डॉक्टर मॅडम. केस पांढरे, चष्मा कपाळावर चढवलेला. माझा फॉर्म पुढ्यात ओढून न बघताच विचारत गेल्या. फिट येते? नाही. दमा? नाही. कधी चक्कर येऊन पडलात? नाही. ऑपरेशन? नाही. नशा? नाही. मानसिक उपचार? नाही. सध्या औषध? नाही. एकही डोळा मिटला नाही. मग त्यांनी नाडी धरली. घड्याळ बघितलं. सोडली आणि परत धरली. चष्मा डोळ्यांवर घेतला आणि विचारलं, झोप लागते का?

मी म्हटलं, नाही.

हे फॉर्मवर नव्हतं. मी फॉर्मचा सराव केला होता. नाहीची गाडी जोरात होती, ब्रेक लागला नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. कधीपासून? मी म्हटलं, दोन वर्षं. मधे गोळीने लागत होती. हे म्हणालो आणि कळलं की संपलं. कसली गोळी, त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं. कधी बंद केली? सहा जानेवारीला. कुणी सांगितलं बंद करायला? कुणी नाही. हात पुढे करा. हात पुढे केले. बोटं अशी हलत होती की मलाच बघवेना.

मॅडम म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वी काय झालं?

मी चड्डीवर उभा होतो. मागे माणसं होती. तरी बोलत सुटलो. नऊ फेब्रुवारी, दुपारची वेळ. गोळ्या मी आणल्या होत्या. दर वेळी वकील आणायचा, त्या दिवशी मी आणल्या. जिन्यावर बसलो. तो नेहमीसारखा वाद घालत होता, विषय असा की मांजर माणसाला ओळखतं की फक्त जागेला. मग तो आडवा झाला आणि घोरायला लागला. मोठमोठ्याने. मधेच थांबायचा आणि एकदम श्वास ओढायचा. मला हसू आलं. एकदा हलवलं, उठला नाही. चारला माझी दुकानाची वेळ होती. मी म्हटलं, वकीलसाहेब, तारीख पडली, येतो. आणि गेलो. काचा कापल्या. संध्याकाळी सातला दुकानात कुणीतरी सांगत आलं.

मॅडम म्हणाल्या, ते घोरणं नव्हतं.

मी म्हटलं, माहीत आहे.

पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. दोन वर्षं माहीत आहे.

त्यांनी शिपायाकडून मला पाणी आणवलं आणि स्टुलावर बसवलं. मी उपचारांचं आणि ताईने आणलेल्या पत्राचंही सांगून टाकलं. मागची रांग थांबली. कुणी हसलं नाही, उलट एकाने माझी पँट आणून मांडीवर ठेवली. मॅडम म्हणाल्या, हे कागद जोडले असतेत तर मी ते वाचले असते. नशा सोडून दोन वर्षं झाली, उपचार नीट घेतले, डॉक्टरांचं पत्र आहे. तुम्हाला घेतलंच असतं असं सांगत नाही. पण विचार केला असता. आता या सहीचं मी काय करू? त्यांनी माझी सही बोटाने दाखवली. आणि आज मला तुमची जास्त काळजी वाटते, म्हणाल्या. डॉक्टरांकडे जा. आजच जा. अशी गोळी तोडून टाकत नाहीत.

कागदावर लिहिलं: अपात्र. कारण: माहिती दडवली.

४ मार्च, बुधवार

काल डॉक्टरांकडे गेलो नाही. उशीर झाला होता. साडेबारा.

बाबांना सांगितलं, नाडी जोरात निघाली. बाबा म्हणाले, चालायचंच, पुढच्या वेळी. मग चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, पित्ताच्या गोळ्या मीही घेतो रे. माझ्या पाकिटावर वेगळं नाव असतं. मी मुद्दाम डेपोजवळच्या औषधवाल्याला विचारलं होतं तुझ्या गोळीचं. मी विचारलं, कधी? म्हणाले, गेल्या वर्षी. मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, तू पित्त म्हणालास, मी पित्त धरलं. मला वाटलं, सैन्यात गेलास तर सगळंच मागे पडेल.

म्हणजे दोघांचा प्लॅन एकच होता.

बाबा कपबशी उचलून आत गेले. कधी उचलत नाहीत.

५ मार्च, गुरुवार

ताईबरोबर डॉक्टरांकडे. ताई एकदाही ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणाली नाही. रिक्षातही नाही. ते सोसायला कठीण गेलं.

डॉक्टर रागावले, मग अर्धी गोळी लिहून दिली, दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. मी त्यांना जिन्याचं सांगितलं. दीड वर्ष त्यांच्याकडे जातोय, हे कधी सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, मला वाटत होतं काहीतरी आहे. सगळ्यांना काही ना काही वाटतच होतं असं दिसतंय. विचारत कुणीच नव्हतं.

नवा संकल्प. एकच, पण पक्का. आजपासून कुणापासूनही काहीही लपवायचं नाही. सुरुवात वकिलाच्या आईपासून. रविवारी जाणार. वळसा न घालता.

८ मार्च, रविवार

गेलो. सकाळी जायचं होतं, दुपारी गेलो.

काकू मशीनवर होत्या. मला बघून पाय थांबला त्यांचा. ये, म्हणाल्या, वाळलास किती. घरात त्या एकट्याच. काका दाढी करायला गेले होते. काकूंनी चहा टाकला. मी चहा होईपर्यंत थांबलो नाही, ओट्यापाशी उभा राहूनच सांगून टाकलं. गोळ्या मी आणल्या होत्या. मी तिथे होतो. त्याला तसाच टाकून गेलो.

मला वाटलं होतं त्या ओरडतील. मी त्याची तयारी केली होती. मारतील, हेही धरलं होतं. काकूंनी गॅस बंद केला. विचारलं, तू निघालास तेव्हा किती वाजले होते?

मी म्हटलं, चारला पाच कमी असतील.

त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, साडेचारला मी भाजी घेऊन थिएटरच्या मागून आले. जिन्यावर कुणीतरी घोरत होतं. मला वाटलं, असेल एखादा दारुडा. मान वर करून बघितलंही नाही. पिशवी जड होती.

मी म्हटलं, काकू, तुम्हाला काय माहीत.

त्या म्हणाल्या, आईला माहीत नको?

मी त्यांच्याजवळ फरशीवर बसलो. त्यांनी विचारलं, त्या दिवशी काय बोलत होता तो? मी मांजराचं सांगितलं. कुणाची बाजू घेतली होती त्याने, मांजराची की जागेची? मांजराची, मी म्हटलं. घेणारच, म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसत राहिल्या.

तेवढ्यात बाहेर काकांच्या चपला वाजल्या. काकू उठल्या, गॅस पेटवला आणि माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाल्या, तुझं तू त्यांना सांग हवं तर. माझं सांगू नकोस. मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

काका आत आले. म्हणाले, अरे, कोण हे, आज रस्ता चुकलास का? काय गप्पा चालल्यात?

मी काकूंकडे बघितलं. त्या साखर घालत होत्या.

मी म्हटलं, काही नाही काका. सहज आलो होतो.